‘फळे टाळा’ एवढ्यावर भागत नाही: डायलिसिस केंद्रांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील डायलिसिस केंद्रांचे व्यवस्थापक, तसेच दोन्ही शहरांतील रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी यांस

विषय: किडनीच्या रुग्णांना फळांबाबत द्यायच्या सूचनापत्रकाविषयी

सप्रेम नमस्कार.

किडनीच्या रुग्णाला घरी सोडताना आहाराचा जो कागद त्याच्या हातात पडतो, त्यात फळांच्या वाट्याला बहुतेकदा एकच ओळ येते: ‘फळे टाळा’. फार तर ‘पोटॅशियमयुक्त फळे टाळा’ (थकलेल्या किडनीला पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाला धोका असतो). कधी परदेशी यादीची झेरॉक्स असते आणि तीत ब्लूबेरी चालेल, क्रॅनबेरी चालेल असं छापलेलं असतं. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या गाडीपुढे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर पेरू, चिकू, पपई, सीताफळ आणि कलिंगड असतं. त्याने या कागदाचं काय करायचं?

मग दोन गोष्टी होतात आणि दोन्ही वाईट. काही रुग्ण सगळीच फळं सोडतात. आधीच भाज्या उकळून, पाणी फेकून खात असतात, त्यात फळंही गेली की बद्धकोष्ठता होते, आणि बद्धकोष्ठतेनेच पोटॅशियम वाढतं (ते कसं, ते पुढे येईल). बाकीचे ‘यादीत नाही म्हणजे चालत असेल’ असं धरून खातात. यादीत केळं असतं, कमरख (स्टारफ्रूट) नसतं. केळ्याने होणारा त्रास रक्ततपासणीत दिसतो आणि बहुतेकदा वेळेवर आवरता येतो. कमरखाचा त्रास नेहमीच्या तपासणीत दिसत नाही, आणि त्यात माणूस जाऊ शकतो.

आम्ही किडनीच्या रुग्णांचा आहार पाहणारे आहारतज्ज्ञ आणि डायलिसिस टेक्निशियन आहोत. या पत्रकात काय असावं, कोणत्या आकड्यांसह असावं आणि ते का, हे इथे मांडत आहोत.

पहिली दुरुस्ती: हे पथ्य सगळ्यांना नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलंय, रक्तातलं पोटॅशियम 5 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या आत आहे, लघवी नीट होतेय, अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या माणसाची फळं तोडण्याचं सहसा कारण नसतं. रक्तदाबाच्या दृष्टीने त्याला फळं-भाज्या हव्याच असतात. पोटाचं डायलिसिस रोज घरी करणाऱ्यांचं पोटॅशियम कित्येकदा कमीच भरतं. त्यांना आपण उलट केळं खायला सांगतो. बंधन लागतं ते रक्तातलं पोटॅशियम वर राहणाऱ्यांना, हिमोडायलिसिसवर (मशीनने रक्त गाळण्यावर) असून लघवी कमी झालेल्यांना, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम अडवून धरणारी औषधं चालू असलेल्यांना. म्हणून पत्रकाच्या डोक्यावर रुग्णाचं शेवटचं पोटॅशियम आणि त्याची तारीख लिहायला जागा हवी. ती भरल्याशिवाय कागद हातात देऊ नये. एकाचा कागद शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकाने फोटो काढून नेणं हे सगळ्याच केंद्रांत चालतं. वर नाव आणि आकडा असला तर निदान दुसऱ्याचा आहे हे तरी कळेल.

कमरख आणि त्याच्याच कुळातली आंबट बिलिंबी ही दोन फळं या सवलतीत येत नाहीत. ती किडनीच्या प्रत्येक रुग्णाला बंद, पोटॅशियम काहीही असो. त्यांच्याकडे येतोच.

आधी शहाळं, कारण आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ त्याचा आहे. मुतखडा झालेल्या माणसाला भरपूर पाणी प्या, शहाळं प्या, लिंबू-संत्र्याचा रस घ्या असं सांगतात, आणि बहुतेक मुतखड्यांना ते लागूही पडतं. किडनी निकामी होत चाललेल्या माणसाला याच्या बरोबर उलट सांगावं लागतं. पण घरात, सोसायटीत, लोकलमध्ये दोन्हीला ‘किडनीचा त्रास’च म्हणतात, आणि मुतखड्याचा सल्ला डायलिसिसच्या रुग्णापर्यंत प्रेमाने पोचवला जातो. भेटायला येणारा प्रत्येक जण रुग्णालयाच्या दारातून शहाळं घेऊनच वर येतो. शहाळ्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका शहाळ्यात 250 ते 300 मिलिलिटर पाणी निघतं, म्हणजे 500 ते 750 मिलिग्रॅम एका दमात. ज्याला दिवसाला 2000 मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय, त्याचा पाव हिस्सा ते तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त तिथेच संपतो. शिवाय पाण्याचं माप वेगळं. डायलिसिसच्या रुग्णाला साधारणपणे आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक 500 मिलिलिटर एवढंच पाणी मिळतं. लघवी बंद असेल तर एका शहाळ्याने दिवसाचं निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी खाल्लेलं असतं. मलईत पोटॅशियम नसतं, ही समजूतही खोटी आहे.

आता बाकीची फळं. पत्रकात ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन रकाने पुरत नाहीत, कारण घात बहुतेक वेळा मापाने होतो. खाण्याजोग्या 100 ग्रॅम गरात सफरचंद, नासपती, अननस आणि कलिंगड यांत 100 ते 120 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, जांभळात त्याहून कमी. आंबा, पपई, संत्रं, द्राक्षं, चिकू ही 170 ते 200 च्या घरात. डाळिंब, सीताफळ, खरबूज 240 ते 270. किवी 300 च्या वर, केळं 350 च्या वर, पेरू 400 च्या वर आणि फणसाचे गरे साडेचारशेच्या जवळ. सुकी फळं वेगळ्याच पंगतीतली: खजूर, मनुका, सुकं अंजीर 650 ते 750 आणि जर्दाळू हजाराच्याही वर, कारण पाणी उडालं तरी पोटॅशियम तिथेच राहतं. जात, पिकलेपणा आणि माती यांनी हे आकडे थोडे हलतात. क्रम सहसा हलत नाही.

पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाने एका वेळी फळातून 150 ते 200 मिलिग्रॅमच्या आत राहावं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही दोन वेळांत पाच-सहा तासांचं अंतर ठेवून. हे मिलिग्रॅममध्ये न सांगता वाटीत सांगा. घरातल्या आमटीच्या लहान वाटीने एक वाटी पपईचे तुकडे, एक लहान सफरचंद सालं काढून, अननसाच्या दोन पातळ चकत्या, मूठभर जांभळं, एक मध्यम चिकू, दहा-बारा द्राक्षं. कलिंगड ‘कमी’च्या रकान्यात आहे म्हणून उन्हाळ्यात माणूस ताटभर फोडी घेऊन बसतो, अर्ध्या किलोत पोटॅशियम साडेपाचशेच्या पुढे जातं आणि साडेचारशे मिलिलिटरहून जास्त पाणी पोटात जातं. पुढच्या डायलिसिसला वजन दीड-दोन किलोने जास्त भरतं, तेव्हा ‘पाणी तर मी प्यायलोच नाही’ असं तो मनापासून सांगतो.

आंब्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मे महिन्यात हापूस पूर्ण बंद असा हुकूम काढला की रुग्ण चोरून खातो, आणि चोरून खाल्लेलं मोजता येत नाही. मध्यम हापूसचा अर्धा गर, आठवड्यातून दोनदा, त्या दिवशी दुसरं फळ नाही आणि बटाटा-टोमॅटो नाही, असं लिहून द्या. आमरस मात्र नको. वाटीभर रसात दीड आंबा जातो आणि पुरीबरोबर एका वाटीवर कोणी उठत नाही.

रसांचं तेच. ज्यूस सेंटरमधल्या गंगा-जमुनाच्या एका मोठ्या ग्लासात चार-पाच फळं पिळलेली असतात. कोणी पाच संत्री सोलून एका बैठकीत खात नाही, पण ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. चोथा गेलेला असतो, त्यामुळे साखर आणि पोटॅशियम दोन्ही भरभर शोषली जातात. सफरचंद-बीट-गाजराचा एबीसी ज्यूस रक्त वाढवतो म्हणून डायलिसिसच्या रुग्णांना आवर्जून पाजला जातो. बीट आणि गाजर दोन्हींत 100 ग्रॅममागे 300 च्या वर पोटॅशियम असतं. या रुग्णांचं हिमोग्लोबिन मुख्यतः किडनीत तयार होणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडल्याने उतरतं; ते इंजेक्शनने आणि लोहाने भरतं, बिटाने नाही. नोनीचं सिरपही टॉनिक म्हणून खपतं, पण त्यात संत्र्याच्या रसाएवढं पोटॅशियम आढळलेलं आहे.

‘डायलिसिस चालू असताना पहिल्या तासात काहीही खाल्लं तरी मशीन ओढून घेतं’ ही समजूत केंद्रांतच वाढते, म्हणून ती केंद्रांनीच काढायला हवी. खाल्लेलं पोटॅशियम आतड्यातून रक्तात यायला काही तास लागतात. शरीरातलं साधारण 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, आणि मशीनला मिळतं ते फक्त रक्तातलं. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 70 ते 100 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे पावणेतीन ते चार ग्रॅम पोटॅशियम निघतं. आठवड्याला दोन वेळा येणाऱ्याचे झाले साडेपाच ते आठ ग्रॅम. तो रोज 2 ग्रॅमच खात असला तरी आठवड्याचे 14 होतात. उरलेलं बाहेर पडतं शौचावाटे आणि जी थोडी लघवी होते तिच्यावाटे. किडनी थकली की मोठं आतडं हे काम जास्त प्रमाणात अंगावर घेतं. म्हणूनच तीन दिवस पोट साफ झालं नाही की काहीही वेगळं न खाता पोटॅशियम चढलेलं दिसतं. फळं पूर्ण बंद करण्याला आमचा विरोध आहे तो यासाठी. शिवाय डायलिसिस चालू असताना भरपेट खाल्लं तर रक्तदाब उतरतो, हे आपले टेक्निशियन रोजच पाहतात.

दोन डायलिसिसमधलं अंतर हा पत्रकाचाच भाग असायला हवा. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करणाऱ्या रुग्णांमध्येसुद्धा दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त होतात, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने 2011 साली दाखवलं. आपल्याकडे पुष्कळ जण दोनदाच येतात. सोमवार-गुरुवारच्या शिफ्टचा रुग्ण गुरुवारनंतर थेट सोमवारी मशीनवर येतो, आणि मधे शनिवार-रविवार असतो: पाहुणे, लग्न, पूजा, आमरस. त्याच्या पत्रकावर ‘शुक्रवार ते रविवार: फळाचं माप निम्मं’ एवढी एक ओळ हाताने लिहिली तरी पुरे. पोटॅशियम बांधणारी पावडर घेतली की काहीही चालतं असं समजणारेही आहेत. ती पावडर डॉक्टरांनी ठरवल्या दिवशी ठरल्या मापाने घ्यायची असते, आणि तिच्याने बद्धकोष्ठता वाढू शकते.

आता कमरख. करंबळ म्हणा, स्टारफ्रूट म्हणा. पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसणारं, हिरवट-पिवळं फळ. शाळांच्या दारात मीठ-तिखट लावून मिळतं, मॉलमधल्या फळांच्या डब्यात सजावटीला असतं, मॉकटेलच्या ग्लासवर खोचलेलं असतं, आणि बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या बागांत झाडं आहेत ती वेगळीच. निरोगी माणसाने एखादं खाल्लं तर काही होत नाही, म्हणूनच कोणाला भीती वाटत नाही.

या फळात दोन विषारी गोष्टी आहेत. एक ऑक्झलेट, जे किडनीच्या नलिकांत स्फटिक होऊन अडकतं. दुसरं कॅराम्बॉक्सिन, हे ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली वेगळं काढून ओळखलं. त्याची घडण फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लासारखी असते आणि ते मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या रिसेप्टरांना सतत चेतवत राहतं. चांगली किडनी ते लघवीवाटे टाकून देते. निकामी किडनीत ते साचतं आणि मेंदूपर्यंत जातं. खाल्ल्यानंतर काही तासांत, कधी एका तासात तर कधी रात्र उलटल्यावर, न थांबणारी उचकी लागते. मग उलट्या, झोप उडणं, हातापायांत मुंग्या, अशक्तपणा, असंबद्ध बोलणं. पुढे झटके आणि बेशुद्धी. किती खाल्लं तर असं होतं? अर्ध्या फळाने किंवा 100 मिलिलिटरहून कमी रसाने गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. ‘एकच फोड घेतली’ याला इथे काही अर्थ नाही.

ब्राझीलमधल्याच डॉक्टरांनी 2003 साली अशा 32 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातलं सगळ्यात उपयोगाचं निरीक्षण असं: गंभीर विषबाधा झालेल्या ज्या रुग्णांचं डायलिसिस झालं नाही, किंवा फक्त पोटाचं डायलिसिस झालं, ते वाचले नाहीत. लवकर आणि जोरकस हिमोडायलिसिस हाच उपाय, आणि तो एकदा करून थांबायचं नसतं. पहिल्या सत्रानंतर रुग्ण शुद्धीवर येतो, काही तासांनी पेशींत साचलेलं विष पुन्हा रक्तात उतरतं आणि उचकी परत सुरू होते. म्हणून रोज, दीर्घ सत्रं, किंवा आयसीयूत संथ गतीचं अखंड डायलिसिस लागतं.

हे सगळं कॅज्युअल्टीत चुकतं कुठे? उचकी युरिया वाढल्यानेही लागते. डॉक्टर तेच धरतात, मेंदूचा सीटी स्कॅन करतात, तो बऱ्याचदा साफ येतो, आणि रुग्णाला उद्याच्या नेहमीच्या शिफ्टवर बोलावलं जातं. मधल्या बारा-चौदा तासांत झटके येतात. दुसरी चूक त्याहून वाईट: उचकी थांबवायला बॅक्लोफेन दिलं जातं. बॅक्लोफेन स्वतःच किडनीवाटे बाहेर जातं. डायलिसिसच्या रुग्णात नेहमीच्या मात्रेनेही गुंगी, गोंधळ आणि बेशुद्धी येते. मग माणूस कशामुळे बेशुद्ध झाला, कमरखाने की गोळीने, हे कोणालाच सांगता येत नाही. कॅज्युअल्टीच्या टेबलावर काचेखाली कमरखाचा रंगीत फोटो ठेवा आणि उचकी किंवा गोंधळलेली अवस्था घेऊन आलेल्या किडनीच्या प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला तो दाखवून विचारा: गेल्या चोवीस तासांत हे खाल्लं का, याचा रस, लोणचं, सरबत घेतलं का? फोटो यासाठी की नाव विचारलं तर ‘नाही’ म्हणतात आणि चित्र दाखवलं तर ‘हे होय, हे तर काल...’ म्हणतात.

बिलिंबी हे कमरखाचं भावंड. खोडालाच घोसाने लागणारी, बोटाएवढी, हिरवी, जीभ आंबवणारी फळं; माशाच्या कालवणात आणि लोणच्यात जातात. आपल्या दोन्ही शहरांत कोकणातून आणि केरळातून आलेली बरीच घरं आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकात हे फळ अनोळखी नाही. यात ऑक्झलेट कमरखापेक्षाही कितीतरी जास्त असतं. केरळमधल्या पाच रुग्णालयांतून 2013 साली नोंदलेली दहा माणसं ही आधी किडनीचे रुग्ण नव्हती. कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून त्यांनी बिलिंबीचा रस प्यायला आणि किडन्या बंद पडल्या. सात जणांना डायलिसिस लागलं. धोका सर्वांत मोठा असतो तो उपाशीपोटी, पाणी कमी प्यायलेल्या अवस्थेत, ग्लासभर कच्च्या रसाने. शिजवल्याने ऑक्झलेट नाहीसं होत नाही, ते पाण्यात उतरतं, आणि कालवणाचं पाणी आपण फेकत नाही.

यातून एक गोष्ट निघते. मधुमेही माणसाला कमरखाचा किंवा बिलिंबीचा रस ‘शुगरवर उत्तम’ म्हणून सुचवला जातो. पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहात किडनी किती उरलीय हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, कारण क्रिएटिनिन कधी तपासलेलं नसतं. म्हणून ही दोन फळं किडनीच्या बाह्यरुग्ण विभागापुरती ठेवू नका; मधुमेह आणि रक्तदाबाच्या ओपीडीतही त्यांचं चित्र लावा.

उपवासाचं पान वेगळं छापावं अशी आमची विनंती आहे. आषाढी, श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र: माणूस धान्य सोडतो आणि केळी, खजूर, रताळं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा यांवर दिवस काढतो. दोन केळी, मूठभर दाणे, एक रताळं आणि चार-पाच खजूर यांनी दीड-दोन ग्रॅम सहज होतात, म्हणजे दिवसाचा कोटा फराळातच संपला. गंमत अशी की बिचारा साबुदाणा यात निर्दोष आहे. त्यात पोटॅशियम नावालाच असतं. खिचडीत ते येतं दाण्याच्या कुटातून आणि बटाट्यातून. कूट चमचाभर, बटाटा नाही किंवा दोनदा उकळलेला, आणि बरोबर केळ्याऐवजी सफरचंद. उपवास मोडायची गरज पडत नाही. बटाटा सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात पुन्हा उकळायचा. नुसता रात्रभर गार पाण्यात भिजवून फारसं काही निघत नाही, तरी कागदोपत्री अजून ‘भिजवून घ्या’च लिहिलेलं सापडतं. गणपतीत पंचखाद्याचा चमचाभर प्रसाद चालेल, वाटी नाही. खारीक, खोबरं, बेदाणे सगळंच त्यात आहे. रमजानमध्ये रोजा सोडताना एक खजूर, तीन नाहीत.

गणपतीतच पपनस येतं. किडनी बदललेल्या रुग्णांसाठी त्याची ओळ वेगळी लिहा. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं शरीरातल्या ज्या वितंचकाने (एन्झाइमने) मोडली जातात, त्याला ग्रेपफ्रूट अडवतं. औषध रक्तात साचतं, हात थरथरतात, रक्तदाब चढतो आणि नवी किडनीच दुखावते. पपनस त्याच कुळातलं, आणि टॅक्रोलिमसची पातळी त्याने वाढल्याची नोंद आहे. एक फोडसुद्धा नको. याच रुग्णांनी स्टेशनबाहेरच्या बर्फावर ठेवलेल्या कापलेल्या फळांच्या प्लेटही घेऊ नयेत. प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली असते. घरी धुऊन, सोलून, लगेच खाल्लेलं फळ चालतं.

शुगर उतरल्यावर काय द्यायचं, हे मधुमेही रुग्णाच्या कागदावर ठळक हवं. घाम फुटला, हात कापले की घरचे धावत मोसंबीचा रस करतात. त्याऐवजी तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्धा कप पाण्यात. पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, 70 च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. उलटी-जुलाबात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओआरएसची पाकिटं फोडू नयेत. एका लिटरात 20 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळजवळ 780 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. आणि ‘लो सोडियम’ मीठ: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. फळं जपून खाणारा माणूस ते आमटीत घालून सगळं घालवून बसतो.

आता आमच्या मागण्या. पत्रक मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, एकाच पानावर, फळांच्या चित्रांसह असावं, आणि त्यात ठाण्या-वाशीच्या बाजारात मिळणारीच फळं असावीत. मागच्या बाजूला फक्त कमरख आणि बिलिंबी, लाल चौकटीत. ते देताना टेक्निशियन किंवा नर्सने पाच मिनिटं बसून रुग्णापेक्षा घरात जो स्वयंपाक करतो त्याला समजावून सांगावं. हे पहिल्या डायलिसिसच्या चार तासांत सहज बसतं. तेव्हा नातेवाईक बाहेर बाकावर बसलेलेच असतात.

लॅबबाबत: पोटॅशियम 6 किंवा त्याहून जास्त आलं तर रिपोर्ट नुसता पोर्टलवर टाकून थांबू नये, फोन करावा, आणि फोन कोणी उचलला ते नोंदवावं. मूठ आवळून रक्त काढलं किंवा नमुन्यात लाल पेशी फुटल्या तर आकडा खोटा चढतो, हे खरं. पण फेरतपासणीची वाट पाहताना ईसीजी लगेच काढावा. टोकदार उंच टी-लहरी दिसल्या किंवा आकडा 6.5 च्या वर असला तर कॅल्शियम, इन्शुलिन-ग्लुकोज आणि डायलिसिसची तयारी सुरू झाली पाहिजे. पाय जड होणं, छातीत धडधड, नाडी मंद होणं ही लक्षणं लिहा, पण त्याखाली हेही लिहा की बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही.

दारातल्या शहाळेवाल्याला हटवा असं आम्ही म्हणत नाही. त्याचं शहाळं इतर रुग्णांना उपयोगीच आहे. भेटीच्या पासावर एक ओळ छापा: ‘डायलिसिसच्या रुग्णाला शहाळं, रस, केळी आणू नका, एखादं सफरचंद चालेल.’ आणि महापालिकांच्या उद्यान विभागांशी बोलून सार्वजनिक बागांतल्या कमरखाच्या व बिलिंबीच्या झाडांवर झाडाच्या नावाच्या पाटीखालीच ‘किडनीच्या रुग्णांनी हे फळ खाऊ नये’ एवढं रंगवून घ्या. सोसायट्या मग बघून करतील.

पत्रकाचा मराठी मजकूर, मापांचा तक्ता आणि उपवासाचं पान आम्ही लिहून दिलेलं आहे. आपल्या केंद्राच्या नेफ्रॉलॉजिस्टनी ते तपासून, हवे ते बदल करून सहीनिशी वापरावं. त्यासाठी कोणतंही शुल्क नाही आणि आमचं नाव छापण्याची गरज नाही. उपवासाचं पान आषाढीच्या आधी रुग्णांच्या हातात पडलं तर बरं.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही आहारतज्ज्ञ आणि डायलिसिस टेक्निशियन